रशियन विमानवाहू नौकांचा विकास, नौवैमानिक प्रकल्प आणि गोव्याचा ‘हंसा’ तळ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठीत आरमाराच्या इतिहासाची चर्चा बहुधा शिवकालीन जलदुर्गांपासून सुरू होते आणि कान्होजी आंग्रे यांच्या कुलाब्याशी येऊन थांबते. त्यानंतरच्या अडीच-तीन शतकांतील सागरी सामर्थ्याचा विचार संरक्षणशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवून इतिहासाचे अध्यापक मोकळे होतात. वस्तुतः मुंबईची नौदल गोदी, गोव्यातील दाबोळीची धावपट्टी, पुण्याचे लोहगाव आणि नाशिकजवळचे ओझर ही ठिकाणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय घडामोडीशी थेट जोडलेली आहेत. सोव्हिएत रशियाने विमानवाहू नौका व त्यावरील विमाने विकसित करण्याचा जो दीर्घ प्रयत्न केला, त्याचे एक फलित आज अरबी समुद्रात ‘आय.एन.एस. विक्रमादित्य’ या नावाने वावरत आहे आणि त्यावरील मिग-२९के विमानांचे घर गोव्यातील ‘आय.एन.एस. हंसा’ हा नौवैमानिक तळ आहे.

प्रस्तुत लेखात या प्रयत्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे. विक्रमादित्यच्या खरेदीविषयी आजवर जी चर्चा झाली ती मुख्यतः किमतीभोवती फिरत राहिली. किंमत हा महत्त्वाचा मुद्दा आहेच; तथापि ती का वाढली, विलंब का झाला आणि या व्यवहारातून भारताच्या हाती नेमके काय आले, या प्रश्नांची उत्तरे मॉस्कोतील वा दिल्लीतील करारपत्रांपेक्षा काळ्या समुद्राकाठच्या एका गोदीच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडतात.

प्रारंभीचे प्रयोग :

समुद्रावरून विमाने वापरण्याची कल्पना रशियाला नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात झारच्या काळ्या समुद्रातील आरमाराकडे सागरी विमाने वाहून नेणारी जहाजे होती. ६ फेब्रुवारी १९१६ रोजी अशा दोन जहाजांवरील विमानांनी तुर्कस्तानातील झोंगुलडाक या कोळशाच्या बंदरावर हल्ला करून ‘इर्मिनगार्ड’ हे मालवाहू जहाज बुडविले. क्रांती, यादवी युद्ध आणि नंतरची आर्थिक ओढाताण यांमुळे हा धागा तुटला.

दोन महायुद्धांच्या दरम्यान सोव्हिएत अभियंत्यांनी एक विलक्षण पर्याय हाताळला. व्लादिमीर वाख्मिस्त्रोव यांच्या ‘झ्वेनो’ प्रकल्पात टीबी-३ या अवजड बाँबफेकी विमानाच्या पंखांखाली आय-१६ जातीची लहान लढाऊ विमाने अडकवून ती लक्ष्याच्या जवळ नेऊन सोडण्यात येत. जहाजाऐवजी विमानच विमानवाहू झाले होते. ही केवळ कागदावरची करामत नव्हती. २६ जुलै १९४१ रोजी रुमानियातील कॉन्स्टान्झा बंदरावर आणि ऑगस्टमध्ये डॅन्यूब नदीवरील चेर्नावोडाच्या पुलावर या जोडविमानांनी यशस्वी हल्ले केले. समुद्रावर विमानवाहू नौका नसणाऱ्या देशाने शोधलेली ही पळवाट होती, आणि पळवाटा शोधण्याची ही वृत्ती पुढील चाळीस वर्षे सोव्हिएत नौवैमानिकीत वारंवार दिसते.

युद्धोत्तर काळात नौदलप्रमुख निकोलाय कुझ्नेत्सोव यांनी विमानवाहू नौकांचा आग्रह धरला. परंतु स्टालिनचा कल मोठ्या तोफांच्या जहाजांकडे होता आणि ख्रुश्चेव्ह यांचा विश्वास क्षेपणास्त्रे व पाणबुड्यांवर होता. १९५५ च्या अखेरीस कुझ्नेत्सोव पदच्युत झाले व १९५६ मध्ये सर्गेई गोर्शकोव नौदलाचे प्रमुख बनले. १९८५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ते या पदावर राहिले. सोव्हिएत आरमाराला किनाऱ्यालगतच्या दलातून महासागरी दल बनविण्याचे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे.

नाव क्रूझर, काम निराळे :

अमेरिकेच्या पोलारिस क्षेपणास्त्रधारी पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी १९६७ मध्ये ‘मॉस्क्वा’ आणि १९६९ मध्ये ‘लेनिनग्राद’ ही दोन हेलिकॉप्टरवाहू जहाजे सोव्हिएत आरमारात दाखल झाली. प्रत्येकावर चौदा कामोव-२५ हेलिकॉप्टरे राहत. याच ‘मॉस्क्वा’वर १८ नोव्हेंबर १९७२ रोजी याकोव्लेव संस्थेचे उभे उतरणारे जेट विमान प्रथम उतरले. त्यातून पुढे ‘कीव’ वर्गाची कल्पना साकारली. ‘कीव’ (१९७५), ‘मिन्स्क’ (१९७८), ‘नोव्होरोसिस्क’ (१९८२) आणि ‘बाकू’ (१९८७) अशी चार जहाजे काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव येथील गोदीत बांधली गेली.

या जहाजांना सोव्हिएत कागदपत्रांत विमानवाहू नौका असे म्हटले जात नसे. ‘विमाने वाहून नेणारी जड क्रूझर’ असे लांबलचक नाव होते. या नामकरणामागे दोन कारणे होती. एक कारण राजकीय. विमानवाहू नौका हे साम्राज्यवादी आक्रमणाचे साधन होय असा प्रचार ज्यांनी वर्षानुवर्षे केला, त्यांनाच ती बांधणे अवघड वाटणे स्वाभाविक होते. दुसरे कारण कायदेशीर. १९३६ च्या माँत्रो करारानुसार बॉस्फरस व दार्दानेल्स सामुद्रधुनीतून काळ्या समुद्राकाठच्या देशांच्या मोठ्या युद्धनौकांना ज्या सवलतीने जाता येते, ती सवलत विमानवाहू नौकांना लागू होत नाही असा अर्थ सामान्यतः लावला जातो. गोदी निकोलायेवला आणि कामगिरी उत्तर ध्रुवसागरात व प्रशांत महासागरात, अशी परिस्थिती असल्याने जहाज क्रूझर ठरणे आवश्यकच होते.

नावाचा हा परिणाम जहाजाच्या रचनेवरही झाला. क्रूझर म्हणविणाऱ्या जहाजावर क्रूझरची शस्त्रे हवीत, म्हणून नाळेकडचा संपूर्ण भाग जहाजविरोधी क्षेपणास्त्रांनी व्यापला आणि विमानांसाठी डावीकडचा तिरपा डेक तेवढा उरला. अशा डेकवरून धावत जाऊन उड्डाण करणे अशक्य असल्याने जागच्या जागी उभे उडणाऱ्या याक-३८ विमानावर विसंबावे लागले. या विमानात मुख्य इंजिनाखेरीज केवळ उभ्या उड्डाणासाठी आणखी दोन इंजिने होती. एकदा हवेत गेल्यावर ती निव्वळ ओझे ठरत. इंधन थोडे, शस्त्रे मोजकी. १९८० मध्ये अफगाणिस्तानात या विमानांची चाचणी झाली तेव्हा उष्ण व विरळ हवेत त्यांची वहनक्षमता फारच घटल्याचे आढळले. उष्ण कटिबंधातील समुद्रातही हीच अडचण येई. ब्रिटिश सी हॅरियर आणि याक-३८ यांची तुलना नेहमी केली जाते, पण ती दिसण्यापुरतीच ग्राह्य धरावी लागेल.

याकोव्लेव संस्थेने या दोषांवर उत्तर म्हणून ध्वनिवेगापेक्षा जलद जाणारे याक-१४१ विमान तयार केले. १९८७ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. सप्टेंबर १९९१ मध्ये ते चौथ्या जहाजावर, म्हणजे पूर्वाश्रमीच्या ‘बाकू’वर उतरले, तोवर या जहाजाला ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव’ हे नाव मिळाले होते. ५ ऑक्टोबर १९९१ रोजी दुसरे विमान डेकवर आदळून पेटले. वैमानिक बचावला, प्रकल्प मात्र वाचला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघाचेच विघटन झाले. ज्या डेकवर उभ्या उड्डाणाच्या रशियन स्वप्नाचा शेवट झाला, तेच जहाज पुढे बावीस वर्षांनी भारतीय तिरंगा लावून निघाले.

१ नोव्हेंबर १९८९ आणि त्यानंतरची पांगापांग :

दरम्यान निकोलायेव गोदीत पूर्ण लांबीचा डेक असलेले जहाज आकारास येत होते. त्याचे नाव ‘रीगा’, ‘लिओनिद ब्रेझनेव्ह’, ‘त्बिलिसी’ असे राजकीय वाऱ्यांबरोबर बदलत जाऊन अखेर ‘अ‍ॅडमिरल कुझ्नेत्सोव’ असे स्थिरावले. विमानाला धक्का देऊन उडविणारे वाफेचे यंत्र त्यावर नव्हते. नाळेकडे वर वळलेला उतार, म्हणजे स्की-जंप, आणि विमानाच्या इंजिनाचा पूर्ण जोर यांच्या साहाय्याने उड्डाण करावयाचे व उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवरील पोलादी तारेत अडकवून थांबावयाचे, अशी ही पद्धती होय. यात यंत्रसामग्री कमी लागते. मात्र विमानाला पूर्ण इंधन व पूर्ण शस्त्रभार घेऊन उडणे कठीण जाते.

या पद्धतीचा सराव क्रिमियातील साकी येथे जमिनीवर बांधलेल्या ‘नित्का’ या प्रशिक्षण संकुलात आधी करण्यात आला. तेथे जहाजासारखाच उतार व अडवणूक तारा होत्या. १ नोव्हेंबर १९८९ रोजी व्हिक्टर पुगाचोव यांनी सुखोई-२७के आणि तोख्तार औबाकिरोव यांनी मिग-२९के हे विमान ‘त्बिलिसी’वर उतरविले. औबाकिरोव यांनी त्याच दिवशी डेकच्या उतारावरून पहिले उड्डाणही केले. झोंगुलडाकनंतर त्र्याहत्तर वर्षांनी रशियाकडे खऱ्या अर्थाने विमानवाहू नौका आली, असे म्हणता येईल.

आणि दोनच वर्षांत सर्व विस्कटले. निकोलायेवची गोदी आणि साकीचे संकुल दोन्ही युक्रेनमध्ये गेली. १९८८ मध्ये पायाभरणी झालेली अणुशक्तीवरील ‘उल्यानोव्स्क’ ही नौका १९९२ मध्ये गोदीतच तोडण्यास प्रारंभ झाला. टेहळणीसाठीचे याक-४४ विमान प्रतिकृतीच्या पुढे गेले नाही. कुझ्नेत्सोवचे भावंड ‘वर्याग’ अर्धवट अवस्थेत गंजत पडले. १९९८ मध्ये मकाव येथील एका कंपनीने ते दोन कोटी डॉलरला घेतले आणि २५ सप्टेंबर २०१२ रोजी ते चीनच्या नौदलात ‘लिआओनिंग’ म्हणून दाखल झाले. युक्रेनमध्ये राहिलेला सुखोईचा एक नमुनाही चीनकडे गेला व जे-१५ विमानास त्याचा आधार मिळाला. ‘कीव’ आणि ‘मिन्स्क’ चीनमध्ये पर्यटकांच्या करमणुकीसाठी उभी राहिली. कुझ्नेत्सोवसाठी सुखोईची निवड झाल्याने मिग-२९के हा प्रकल्प १९९२ मध्ये बंद पडला.

गोर्शकोव व्यवहार :

भारतीय नौदल याच काळात निराळ्या विवंचनेत होते. १९६१ मध्ये दाखल झालेली पहिली ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. १९८७ मध्ये घेतलेली ‘विराट’ ही १९५९ पासून ब्रिटिश सेवेत राहिलेली वृद्ध नौका होती. दोन्ही मूळच्या ब्रिटिश, आणि त्यांवरील सी हॉक व सी हॅरियर ही विमानेही ब्रिटिशच. नवी नौका घ्यावयाची तर विकणारा कोणी नव्हता. बॉयलर कक्षातील दुर्घटनेनंतर १९९६ मध्ये सेवेतून काढलेले ‘गोर्शकोव’ रशियाने देऊ केले ते या पार्श्वभूमीवर. जहाजाचा सांगाडा विनामूल्य, दुरुस्तीचा व विमानांचा खर्च भारताचा, अशी ती योजना होती. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर २० जानेवारी २००४ रोजी करार झाला. जहाजाच्या पुनर्बांधणीसाठी ९७.४ कोटी डॉलर, तर सोळा मिग-२९के विमानांसह एकूण व्यवहार सुमारे दीडशे कोटी डॉलरचा होता. जहाज २००८ मध्ये मिळणार होते.

प्रत्यक्षात ते १६ नोव्हेंबर २०१३ रोजी भारतीय नौदलात दाखल झाले आणि पुनर्बांधणीची किंमत सुमारे २३३ कोटी डॉलरवर गेली. ‘विनामूल्य’ या शब्दाचे खरे मोल यावरून कळते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००९ मध्ये या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले आणि संसदेत व वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. रशियाने भारताची अडवणूक केली हे त्यावेळचे सार्वत्रिक मत होते. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु केवळ लबाडीच्या आधारे पाच वर्षांच्या विलंबाची संगती लागत नाही.

मुख्य कारण असे की, ज्या गोदीने हे जहाज बांधले ती आता परदेशात होती. पुनर्बांधणीचे काम श्वेत समुद्राकाठच्या सेवेरोद्विन्स्क येथील ‘सेवमाश’कडे आले. ही गोदी अणुपाणबुड्या बांधण्यात निष्णात होती, विमानवाहू नौकेचा अनुभव तिच्याकडे नव्हता. काम हाती घेतल्यावर त्याचा आवाका तिला उमगत गेला. नाळेवरील क्षेपणास्त्रांची नळकांडी उपटून तेथे १४.३ अंशांचा उतार बसविणे, हजारो किलोमीटर केबल बदलणे, सुमारे अडीच हजार कक्षांपैकी बहुतेक नव्याने तयार करणे हे काम दुरुस्तीचे राहिले नव्हते. जुन्या कवचात २८४ मीटर लांबीची व ४४,५०० टनांची जवळजवळ नवी नौकाच बांधली जात होती. सप्टेंबर २०१२ च्या सागरी चाचण्यांत पूर्ण वेगाच्या वेळी आठपैकी सात बॉयलर निकामी झाले, कारण त्यांतील उष्णतारोधक विटा टिकल्या नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निकोलायेवच्या कारागिरांना जे सहज ज्ञात होते ते सेवेरोद्विन्स्कला पुन्हा चुकत चुकत शिकावे लागले, आणि या शिक्षणाची फी भारताने भरली.

या व्यवहाराची दुसरी बाजू रशियाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भारताच्या मागणीमुळेच बंद पडलेला मिग-२९के प्रकल्प पुन्हा उभा राहिला. २०१० मध्ये आणखी २९ विमानांची मागणी नोंदविली गेल्याने एकूण संख्या ४५ झाली. उत्पादन सुरू झाल्यावर रशियन नौदलानेही २०१२ मध्ये स्वतःसाठी याच जातीची चोवीस विमाने मागविली. सामान्यतः विक्रेता देश आपल्या दलात वापरलेले शस्त्र इतरांना विकतो. येथे ग्राहकाने प्रथम वापरले आणि निर्मात्याने नंतर घेतले.

हंसा तळ :

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांच्या काळातली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने तिच्यावर बाँबवर्षाव केला, आणि कोईमतूरजवळ स्थापन झालेला ‘हंसा’ हा नौवैमानिक तळ १९६४ मध्ये तेथे स्थलांतरित झाला. रशियन विमानांशी गोव्याचा परिचय मिगपासून सुरू झाला असे समजले जाते, ते बरोबर नाही. १९७७ मध्येच इल्युशिन-३८ ही पाणबुडीविरोधी टेहळणी विमाने येथे आली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ती निवृत्त झाली. १९८८ मध्ये टुपोलेव-१४२ ही प्रचंड विमाने येथेच दाखल झाली व पुढे तमिळनाडूतील आरक्कोणमला गेली. १ ऑक्टोबर २००२ रोजी रौप्यमहोत्सवी उड्डाणात दोन इल्युशिन विमानांची हवेत टक्कर होऊन त्यांतील सर्व बारा नौसैनिक मृत्यू पावले. गोव्यातील जुन्या रहिवाशांच्या स्मरणात ती घटना अजून आहे.

मिग-२९ हे नावही या प्रदेशाला नवे नव्हते. हवाई दलाची पहिली मिग-२९ विमाने १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर आली होती, आणि त्यांच्या मोठ्या दुरुस्तीचे काम ओझरच्या हवाई दल आगारात होत आले आहे. ओझरलाच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून मिग-२१, मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय अशी रशियन विमाने परवान्याखाली बनवीत आला. नौदलाचे मिग-२९के मात्र यापासून पूर्णतः वेगळे राहिले. ४५ विमानांसाठी स्वतंत्र कारखाना परवडणारा नव्हता, म्हणून ती सर्व तयार विकत घेण्यात आली. सुट्या भागांसाठी प्रत्येक वेळी रशियाकडे पाहण्याची वेळ आली ती यामुळे.

१९ फेब्रुवारी २०१० रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत ही विमाने हंसा तळावर दाखल झाली. जहाज येण्यास अजून चार वर्षे होती. ११ मे २०१३ रोजी ‘ब्लॅक पँथर्स’ हे ३०३ क्रमांकाचे पथक विधिवत स्थापन झाले. ८ जानेवारी २०१४ च्या सुमारास विक्रमादित्य कारवारला पोहोचली. सी हॅरियर चालविणारे ३०० क्रमांकाचे ‘व्हाइट टायगर्स’ पथकही मे २०१६ मध्ये मिगकडे वळले आणि भारतीय नौवैमानिकीतील ब्रिटिश पर्व संपले.

यश मात्र निर्भेळ नव्हते. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालानुसार मिग-२९केची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के इतकीच होती आणि फेब्रुवारी २०१० पासून चाळीस इंजिने रचनेतील दोषांमुळे काढून घ्यावी अथवा नाकारावी लागली होती. दहा विमाने असतील तर एका वेळी साधारण दोन ते चारच उडू शकतील, असा या आकड्यांचा साधा अर्थ. २०१९ ते २०२२ या काळात चार विमाने कोसळली. त्यांपैकी २६ नोव्हेंबर २०२० च्या अपघातात एका अनुभवी प्रशिक्षक अधिकाऱ्याला प्राण गमवावे लागले. डेकवर उतरणारा वैमानिक आकडा तारेत अडकेल या भरवशावर इंजिन बंद करीत नाही; उलट डेकला स्पर्श होताच पूर्ण जोर देतो, कारण तार हुकली तर त्याला पुन्हा उडावेच लागते. अशा सेवेत यंत्राची विश्वासार्हता ही केवळ हिशेबतपासणीची बाब राहत नाही.

दाबोळीचा उतार :

या सर्व देवघेवीतून आलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट बहुधा जहाज नसून हंसा तळावरील किनारी चाचणी संकुल होय. साकीच्या नित्काचाच हा भारतीय वंशज. रशियन तांत्रिक साहाय्य आणि गोवा शिपयार्डचे बांधकाम यांतून येथे जहाजासारखा उतार व अडवणूक यंत्रणा उभारण्यात आली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर खुद्द रशियाला आपल्या वैमानिकांच्या सरावासाठी साकी युक्रेनकडून भाड्याने घ्यावे लागत होते, हे लक्षात घेतल्यास असे संकुल स्वतःच्या भूमीवर असण्याचे महत्त्व ध्यानी येते.

२० डिसेंबर २०१४ रोजी नौदलासाठीच्या स्वदेशी तेजस विमानाने या उतारावरून पहिले उड्डाण केले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी ते तेथेच तारेच्या साहाय्याने थांबले आणि ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्यवर उतरले. तेजसचा हा नमुना पुढे नौदलात आला नाही. तरीही त्यातून मिळालेले उतारावरील वर्तनाचे व अडवणुकीचे ज्ञान भारतीय अभियंत्यांच्या स्वतःच्या मोजमापांतून आलेले आहे. कोची येथे बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. तिची उड्डाणपद्धती तीच आहे, कुझ्नेत्सोवची.

मूळ कुझ्नेत्सोवची कथा निराळ्या दिशेने गेली. २०१६ च्या सीरिया मोहिमेत अडवणूक तारांतील बिघाडामुळे त्याने तीन आठवड्यांच्या आत दोन विमाने गमावली. २०१८ मध्ये त्याच्याखालची तरंगती गोदी बुडाली, २०१९ मध्ये जहाजाला आग लागली आणि २०२५ मध्ये त्याची दुरुस्ती थांबविल्याची वृत्ते रशियन वृत्तपत्रांतूनच प्रसिद्ध झाली. विमानवाहू नौका कशी बांधावी हे ज्यांना माहीत होते ती निकोलायेवची गोदीही तोवर बंद पडली होती.

दाबोळीचा उतार मात्र वापरात राहिला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या राफेल-एम विमानाने आणि त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या एफ-१८ सुपर हॉर्नेटने, विक्रांतसाठी आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्यासाठी, याच उतारावरून उड्डाणे केली. २८ एप्रिल २०२५ रोजी भारताने २६ राफेल-एम विमानांचा करार केला. क्रिमियात सोव्हिएत वैमानिकांसाठी आखलेल्या पद्धतीची परीक्षा गोव्यात देऊन फ्रेंच विमान त्या करारापर्यंत पोहोचले.